आरोपीच्या बाजूचे राज्यकर्ते : दक्षिण कोरियातील मानवी हक्क वकिलीचा इतिहास

२००३ ते २०२५ या काळात दक्षिण कोरियात सत्तेवर आलेल्या सहा राष्ट्राध्यक्षांपैकी रो मू-ह्यून, मून जे-इन आणि ली जे-म्युंग हे तिघे राजकारणात येण्यापूर्वी मानवी हक्कांचे वकील म्हणून ओळखले जात होते. आणि ज्या अभियोक्ता-यंत्रणेशी या वकिलांचा आयुष्यभर झगडा चालला, तिचे प्रमुखपद भूषवलेले युन सुक-योल हेही त्याच सहांपैकी एक होते. वकिलीतून राजकारणात येणे ही जगात कोठेही नवलाची गोष्ट नाही. कोरियातील हे वकील मात्र एका विशिष्ट प्रकारच्या वकिलीतून घडले होते. हरणार हे ठाऊक असलेले खटले लढवणे हेच त्या वकिलीचे नित्याचे काम होते, आणि हरलेल्या खटल्यांनी त्यांना जे शिकवले तेच पुढे त्यांच्या राज्यकारभारात उमटले. अन्याय एखाद्या क्रूर राज्यकर्त्यामुळे घडतो यापेक्षा तो कार्यालयीन रचनेतून, कागदांच्या प्रवासातून घडतो, अशी त्यांची धारणा झाली. त्यांच्या राजवटीचे यश आणि त्यांच्या दृष्टीतील उणिवा या दोहोंचा उगम याच धारणेत सापडतो.

ही रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. जपानी अमलात, १९२५ च्या शांतता-रक्षण कायद्याखाली, स्वातंत्र्याच्या चळवळीतील कोरियन तरुणांना शिक्षा होत असत, आणि किम ब्योंग-रो, हॉ हॉन, यी इन हे कोरियन वकील तसेच फुसे तात्सुजी हे जपानी वकील त्यांची वकीलपत्रे घेत असत. १९४५ साली जपानी सत्ता गेली, किम ब्योंग-रो नव्या प्रजासत्ताकाचे पहिले सरन्यायाधीश झाले. परंतु १९४८ च्या डिसेंबरात त्याच जपानी कायद्याच्या वळणावर राष्ट्रीय सुरक्षा कायदा संमत झाला. राज्यविरोधी संघटनेची स्तुती करणे किंवा तिच्याविषयी सहानुभूती दाखवणे हाही या कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि उत्तर कोरियाचे सरकार हीच अशी संघटना मानली जात असल्यामुळे, एखादे पुस्तक जवळ बाळगणे किंवा मित्रमंडळीत केलेले एखादे विधान यावरूनही माणसाला तुरुंगात घालता येत असे.

कायद्याइतकीच महत्त्वाची होती ती अभियोक्त्याची सत्ता. भारतात सरकारी वकील पोलिसांनी केलेल्या तपासाच्या आधारे न्यायालयात खटला चालवतो. कोरियातील अभियोक्त्याला मात्र १९५४ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने स्वतः तपास करण्याचा, पोलिसांच्या तपासावर हुकूम चालवण्याचा आणि आरोपपत्र दाखल करायचे की नाही हे ठरवण्याचा असा तिहेरी अधिकार दिला होता, आणि १९६२ च्या घटनादुरुस्तीने अटकेच्या वॉरंटसाठी न्यायाधीशाकडे अर्ज करण्याचा अधिकारही त्याच्यापुरताच राखून ठेवला. त्यात भर पडली ती जबाबाच्या कागदाची. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीने न्यायालयात नाकारला, तर तो कोरियातही पुरावा म्हणून टिकत नसे, आणि भारतीय पुरावा कायद्याशी परिचित असलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पण तोच जबाब आरोपीने अभियोक्त्याच्या कार्यालयात पुन्हा दिला आणि प्रश्नोत्तरांच्या नोंदीखाली अंगठा उमटवला, की न्यायालय तो सहसा ग्राह्य धरत असे. कोठडीत मारहाण करायची, मग त्याच माणसाला मारणाऱ्यांच्या देखत अभियोक्त्यापुढे बसवून तेच पाठ म्हणून घ्यायचे, आणि न्यायाधीशापुढे मात्र स्वच्छ टंकलिखित कागद ठेवायचा, असा हा क्रम होता. चौकशीच्या वेळी वकिलाला हजर राहू देण्याची पद्धत नव्हती. बचावाच्या वकिलाचा प्रवेश होई तो या कागदावर अंगठा पडल्यानंतर, आणि तोवर खटला बहुतांशी निकालात निघालेला असे.

लष्करी बंडातून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांनी १९७२ साली युशिन नावाची राज्यघटना लादली आणि १९७४ पासून आणीबाणीचे हुकूम काढण्यास प्रारंभ केला. घटनेवर टीका करणे हाच या हुकमांनी गुन्हा ठरवला, आणि खटले लष्करी न्यायालयांकडे सोपवले. मानवी हक्कांचा वकील हा एक वेगळा वर्ग म्हणून कोरियात याच काळात उभा राहिला. ली दोन-म्युंग, चो जून-ही, ह्वांग इन-चोल आणि होंग संग-वू हे चौघे त्यांत अग्रणी मानले जातात. यांतील बहुतेकांना त्या वेळी राजकारणात रस नव्हता. काही जण तर पूर्वी न्यायाधीश होते, आणि आपण ज्या प्रक्रियेचे नियम पाळत आलो ते नियम डोळ्यांदेखत मोडले जात आहेत, या व्यावसायिक संतापातून ते या कामाकडे वळले. १९७४ च्या जुलैत विद्यार्थी नेत्यांवरील खटल्यात बचावाचे अखेरचे भाषण करताना, हा न्यायाच्या नावाने चाललेला खून आहे आणि वकिलाच्या आसनावर बसण्यापेक्षा आपण आरोपींच्या शेजारी बसणे पसंत करू, अशा आशयाचे उद्गार कांग शिन-ओक या वकिलांनी काढले, आणि त्या भाषणाबद्दल त्यांना खरोखरच अटक झाली. बचावाचा युक्तिवादच गुन्हा ठरला, ही घटना या व्यवसायाच्या इतिहासात फार मोलाची आहे, कारण तिने वकील आणि अशील यांच्यामधले अंतर कायमचे पुसून टाकले. पुढच्याच वर्षी हान संग-हॉन या वकिलांना फाशीच्या शिक्षेविषयी लिहिलेल्या एका लेखासाठी तुरुंगात जावे लागले. त्याच १९७५ च्या एप्रिलमध्ये, तथाकथित जनक्रांती पक्षाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ तारखेला फाशीच्या शिक्षा कायम केल्या आणि ९ तारखेच्या पहाटे आठ जणांना फाशी देण्यात आली. फेरविचाराचा अर्ज लिहून होण्याइतकाही अवधी वकिलांना मिळाला नाही.

रो मू-ह्यून मात्र या परंपरेत जन्मलेले नव्हते. १९४६ साली किमहे जवळच्या बोंगहा या खेड्यात गरीब शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. वाणिज्य शाळेपुढे त्यांचे शिक्षण झाले नाही; विद्यापीठाची पायरी न चढता त्यांनी १९७५ साली वकिलीची अत्यंत कठीण परीक्षा पार केली, काही महिने न्यायाधीश म्हणून काम केले आणि १९७८ साली बुसान या बंदराच्या शहरात करविषयक वकिली सुरू केली. पैसा चांगला मिळत होता, शिडाच्या होड्या चालवण्याचा छंद जडला होता. चुन डू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीत, १९८१ साली, बुसानमध्ये पुस्तके वाचून चर्चा करणाऱ्या मंडळातील २२ विद्यार्थी, शिक्षक आणि कामगारांना वॉरंटशिवाय पकडण्यात आले, काहींना दोन महिन्यांपर्यंत बाहेरच्या जगाशी संपर्क न ठेवता डांबण्यात आले, आणि सुरक्षा कायद्याखाली त्यांच्यावर खटला भरण्यात आला. हेच बुरिम प्रकरण होय. शहरातील ज्येष्ठ वकील किम क्वांग-इल यांच्या सांगण्यावरून रो यांनी वकीलपत्र घेतले. तुरुंगात भेटायला गेल्यावर एका तरुणाच्या अंगावरचे काळेनिळे वळ आणि काळी पडलेली पायाची नखे त्यांना दिसली, आणि तेथून आपले आयुष्य बदलले, असे त्यांनी पुढे आत्मकथनात नोंदवले आहे. आरोपींना शिक्षा झाल्याच. त्यांतील पाच जणांची निर्दोष मुक्तता सर्वोच्च न्यायालयात कायम झाली ती २०१४ साली, म्हणजे ३३ वर्षांनी, आणि तेव्हा त्यांचे वकील रो हयात नव्हते.

१९८२ साली रो यांच्या कार्यालयात मून जे-इन हे तरुण भागीदार म्हणून दाखल झाले. उत्तरेतील हुंगनाम येथून १९५० च्या डिसेंबरात अमेरिकी जहाजाने पळून आलेल्या निर्वासित दांपत्याचे ते पुत्र. विद्यार्थिदशेत युशिनविरोधी निदर्शनांबद्दल त्यांना तुरुंगवास घडला होता, आणि वकिलीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याची बातमीही त्यांना १९८० साली पोलिस कोठडीत मिळाली. न्यायिक प्रशिक्षण संस्थेत दुसरा क्रमांक येऊनही या पूर्वेतिहासामुळे त्यांना न्यायाधीशपद नाकारण्यात आले. या दोघांनी भागीदारी सुरू करताना केलेली एक गोष्ट छोटी असली तरी लक्षात घेण्याजोगी आहे. खटले आणून देणाऱ्या दलालांना फीतील हिस्सा द्यायचा आणि न्यायाधीश-अभियोक्त्यांना मेजवान्या द्यायच्या, ही त्या काळच्या बुसानमधील वकिलीची सर्वमान्य रीत होती. या कार्यालयाने ती दोन्ही बंद केली. राज्यसंस्थेकडून नियम पाळण्याची मागणी करणाऱ्याने आपल्या दाराशी ते आधी पाळले पाहिजेत, हा आग्रह त्यामागे होता, आणि पुढे सत्तेत आल्यावर निकटवर्तीयांच्या गैरव्यवहारांच्या आरोपांनी रो यांना इतके व्यथित का केले, याचे उत्तरही त्यात दडलेले आहे.

बुसानमध्ये हे घडत असताना सेऊलमध्ये चो यंग-रे यांनी या वकिलीचे क्षेत्रच रुंदावले. कामगार-चळवळीसाठी १९७० साली स्वतःला पेटवून घेणाऱ्या चुन ते-इल या शिवणकामगाराचे चरित्र त्यांनी भूमिगत असताना लिहिले होते. १९८० च्या दशकात त्यांनी पूरग्रस्तांच्या वतीने सेऊल महापालिकेवर नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि स्त्रिया लग्नानंतर नोकरी सोडतातच असे गृहीत धरून एका अपघातग्रस्त तरुणीची भरपाई २५ व्या वर्षापर्यंतच्याच पगारावर मोजणारा निकाल अपिलात फिरवून घेतला. १९८६ साली बुचॉन येथील पोलिस ठाण्यात कारखान्यात काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीवर चौकशीच्या वेळी लैंगिक अत्याचार झाला, तेव्हा अभियोक्त्यांनी संबंधित पोलिसावर आरोपपत्र ठेवण्यास नकार दिला आणि उलट तिनेच क्रांतीसाठी लैंगिकतेचे हत्यार केले असा प्रचार केला. शंभराहून अधिक वकील तिच्या बाजूने एकत्र आले, आणि शेवटी त्या पोलिसाला शिक्षा झाली. आरोपपत्र ठेवण्याची मक्तेदारी याचा अर्थ आरोपपत्र न ठेवण्याचीही मक्तेदारी, हे या खटल्याने सर्वसामान्य नागरिकांपर्यंत पोहोचवले. १९८८ च्या मे महिन्यात ५१ वकिलांनी लोकशाहीवादी समाजासाठी झटणाऱ्या वकिलांची संघटना स्थापन केली. मिनब्योन या संक्षिप्त नावाने ती आजही कार्यरत आहे. चो यंग-रे १९९० साली वयाच्या ४३ व्या वर्षी कर्करोगाने गेले. ते जगते तर ही परंपरा सत्तेत शिरताना कोणत्या वळणाने गेली असती, हा प्रश्न कोरियन अभ्यासकांना आजही पडतो, आणि तो पडावा इतके त्यांचे कार्य मोठे होते.

तोवर १९८७ च्या जूनमधील जनआंदोलनाने लष्करी राजवटीला थेट निवडणुका मान्य करायला लावल्या होत्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोजे बेटावरील जहाजबांधणी कारखान्यातील एक कामगार अश्रुधुराच्या नळकांड्याचा मार बसून मरण पावला, आणि त्याच्या कुटुंबाला व सहकाऱ्यांना कायदेशीर मदत करण्यास गेलेल्या रो यांना, कामगार तंट्यात त्रयस्थाने हस्तक्षेप करू नये या १९८० मध्ये घातलेल्या बंदीखाली अटक झाली; त्यांची वकिली काही काळ स्थगितही करण्यात आली. सल्ला देणे हा ज्याचा व्यवसाय त्याचा सल्लाच कायद्याने हस्तक्षेप ठरवला, तेव्हा न्यायालयाच्या आवारात राहून करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. १९८८ साली ते बुसानमधून संसदेवर निवडून गेले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस लष्करी राजवटीच्या गैरकृत्यांची दूरचित्रवाणीवरून प्रसारित झालेली संसदीय सुनावणी त्यांनी उलटतपासणीच्या कसबाने गाजवली.

२००३ साली राष्ट्राध्यक्ष झाल्यावर रो यांनी घेतलेल्या निर्णयांत वकिलाचा हात स्पष्ट दिसतो. मिनब्योनच्या कांग कुम-शिल यांना त्यांनी न्यायमंत्री नेमले. त्या या पदावरील पहिल्या स्त्री. त्याच परंपरेतील को यंग-कू यांच्याकडे गुप्तचर संस्थेची सूत्रे दिली, आणि गुप्तचर प्रमुखाने राष्ट्राध्यक्षाला एकांतात नियमित अहवाल द्यायचा ही जुनी प्रथा मोडली. मार्च २००३ मध्ये, बढत्या-बदल्यांवरून नाराज झालेल्या तरुण अभियोक्त्यांशी त्यांनी दूरचित्रवाणीवर खुली चर्चा केली. ही चर्चा कडवट झाली, आणि त्या कडवटपणातून यंत्रणेचा आत्मविश्वासही उघड झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेजू बेटावर १९४७ ते १९५४ या काळात झालेल्या हत्याकांडाबद्दल त्यांनी राज्यसंस्थेच्या वतीने माफी मागितली. २००५ साली सत्य आणि समेट आयोग स्थापन झाला, जनक्रांती पक्षाचा खटला बनावट होता हे गुप्तचर संस्थेच्याच चौकशीतून पुढे आले, आणि २००७ च्या जानेवारीत त्या आठ जणांना मरणोत्तर निर्दोष ठरवण्यात आले. २००७ च्या कायदेदुरुस्तीने चौकशीच्या वेळी वकिलाच्या उपस्थितीला कायद्याचे स्थान मिळाले आणि नागरिकांच्या ज्यूरीचा प्रयोग सुरू करण्याची तरतूद झाली. राज्यसंस्थेने पूर्वी चालवलेला खटला पुन्हा उघडून नोंद दुरुस्त करणे, ही राज्यकारभाराकडे पाहण्याची खास वकिली रीत म्हणता येईल, आणि ती रीत रो यांच्याइतक्या चिकाटीने फार थोड्या राज्यकर्त्यांनी अवलंबली आहे.

याच कारकिर्दीत त्या दृष्टीच्या मर्यादाही प्रकट झाल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने इराक युद्धाविरुद्ध मत दिलेले असताना रो यांनी तेथे सैन्य पाठवले. आयोगाने असे मत देणे हे त्याचे कामच आहे, असे त्यांनी मान्य केले, पण निर्णय बदलला नाही. २००५ च्या नोव्हेंबरात तांदूळ-आयातीविरुद्ध निदर्शने करणारे दोन शेतकरी पोलिसांच्या मारहाणीमुळे दगावले. रो यांनी जाहीर माफी मागितली आणि पोलिस प्रमुखांना पद सोडावे लागले. राज्यसंस्थेची दंडशक्ती इतरांच्या दंडशक्तीपेक्षा अधिक काटेकोर नियमांनी बांधलेली असली पाहिजे, ही त्या माफीमागची भूमिका मनापासूनची होती. तरीही ती मृत्यूनंतर आली होती. २००७ च्या फेब्रुवारीत योसू येथील स्थलांतरितांच्या स्थानबद्धता केंद्राला लागलेल्या आगीत कुलूपबंद परदेशी कामगारांपैकी दहा जणांचा बळी गेला. आरोपी विरुद्ध राज्यसंस्था या साच्यात जो माणूस बसत नव्हता, म्हणजे ज्याच्यावर खटलाच नव्हता पण जो कोंडलेला होता, त्याच्याकडे या परंपरेचे लक्ष उशिरा गेले.

सत्ता सोडल्यावर रो यांच्या कुटुंबीयांनी एका उद्योजकाकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून अभियोक्त्यांनी २००९ साली त्यांची चौकशी सुरू केली. ३० एप्रिलला सेऊलमध्ये त्यांची जबानी झाली तेव्हा वकील म्हणून मून त्यांच्यासोबत होते. चौकशीतील तपशील वृत्तपत्रांपर्यंत पोहोचत राहिले, आणि २३ मे रोजी रो यांनी आपले जीवन संपवले. मून राजकारणात आले ते या दुःखाचे ओझे घेऊन; २०११ साली त्यांनी अभियोक्ता-यंत्रणेच्या सुधारणेवर किम इन-हे यांच्यासह पुस्तक लिहिले, आणि २०१७ साली राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यातील विचार कायद्यात आणला. उच्चपदस्थांच्या गुन्ह्यांचा तपास करणारे स्वतंत्र कार्यालय २०२१ साली सुरू झाले, पोलिसांच्या तपासावरील अभियोक्त्यांचा हुकूम सैल झाला, आणि अभियोक्त्यापुढील जबाब आरोपीने न्यायालयात नाकारला तर तो पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, हा नियम २०२२ पासून लागू झाला. कोठडीतील अंगठ्याची सत्ता संपली, ही या साऱ्या धडपडीची सर्वांत मोठी कमाई होय.

मून यांच्या दृष्टीची कसोटी पाहणारी दोन प्रकरणे मात्र शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. १९९६ साली पेस्कामार १५ या मासेमारी जहाजावर सहा कोरियन वंशाच्या चिनी खलाशांनी ११ जणांना ठार केले; मृतांत कोरियन अधिकारी होते आणि लोकमत संतप्त होते. मून यांनी अपिलात त्यांचे वकीलपत्र घेतले, छळ आणि शोषणाची पार्श्वभूमी मांडली, सहापैकी पाच जणांची फाशी टळली, आणि सहाव्याची शिक्षा २००७ च्या अखेरीस, मून राष्ट्राध्यक्षांचे मुख्य सचिव असताना, जन्मठेपेवर आली. २०१९ च्या नोव्हेंबरात पुन्हा समुद्रातच, १६ सहकाऱ्यांच्या हत्येचा आरोप असलेले दोन उत्तर कोरियन मच्छीमार दक्षिणेच्या नौदलाच्या हाती लागले. आपल्याला येथेच राहायचे आहे असे त्यांनी लिहून दिले, आणि राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार सारा कोरियन द्वीपकल्प प्रजासत्ताकाचाच भाग असल्याने उत्तरेतील माणूसही तत्त्वतः नागरिकच ठरतो. तरीही खटला नाही, वकील नाही, न्यायाधीशापुढे हजेरी नाही, अशा स्थितीत पाच दिवसांत पानमुनजोम येथून त्यांना उत्तरेच्या हवाली करण्यात आले. या प्रकरणी मून यांच्या चार वरिष्ठ सहकाऱ्यांना २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने दोषी ठरवले, मात्र शिक्षा सुनावणे तहकूब ठेवले. उत्तरेशी चाललेल्या शांतता-वाटाघाटींचे मोल मोठे होते हे मान्य केले, तरी ज्या वकिलाने ११ खुनांच्या आरोपींसाठी न्यायालयात उभे राहण्याचे धैर्य दाखवले त्याच्याच सरकारने या दोघांना न्यायालयाचे दारही दाखवले नाही, याचे समर्थन होऊ शकत नाही.

मून यांनीच नेमलेले प्रमुख अभियोक्ता युन २०२२ साली एका टक्क्याहूनही कमी फरकाने राष्ट्राध्यक्ष झाले. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री त्यांनी लष्करी कायदा पुकारला, संसदेतील १९० सदस्यांनी काही तासांतच तो रद्द ठरवला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना ताब्यात घेणाऱ्या पथकात मून यांच्या काळात उभारलेले तेच स्वतंत्र कार्यालय होते. त्यानंतर जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले ली जे-म्युंग हे लहानपणी सोंगनाम येथील कारखान्यात राबलेले, यंत्रात हात सापडून अपंगत्व आलेले आणि प्रशिक्षण काळात रो यांचे व्याख्यान ऐकून लोकांच्या वकिलीकडे वळलेले गृहस्थ. त्यांच्या कारकिर्दीत, सप्टेंबर २०२५ मध्ये, संसदेने अभियोक्ता-यंत्रणा विसर्जित करून तपास आणि आरोपपत्र ही कामे दोन वेगळ्या कार्यालयांकडे सोपवणारा कायदा संमत केला. स्वतः ली यांच्यावरील अनेक खटले प्रलंबित असताना हे घडल्यामुळे विरोधकांनी त्यांच्या हेतूविषयी शंका घेतली आहे, आणि ती केवळ राजकीय म्हणून झटकून टाकता येण्याजोगी नाही.

राष्ट्रीय सुरक्षा कायद्याची कथा याहून वेगळी आहे. २००४ च्या सप्टेंबरात रो यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत हा जुना कायदा वस्तुसंग्रहालयात ठेवावा अशी भूमिका घेतली, त्यांच्या पक्षाकडे तेव्हा संसदेत बहुमतही होते. तरीही विरोधकांनी समितीचे कामकाज रोखून धरले, सत्ताधारी पक्षातच दुरुस्ती की रद्दबातल यावर फूट पडली, आणि वर्षअखेर विधेयक बारगळले. मून यांनी बहुमत असूनही तो विषय पुढे रेटला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात घटनात्मक न्यायालयाने स्तुती आणि सहानुभूतीला गुन्हा ठरवणारे सातवे कलम पुन्हा एकदा वैध ठरवले, आणि बुरिमच्या तरुणांना ज्या कायद्याखाली पकडले होते तो कायदा, तीन मानवी हक्क वकील राष्ट्राध्यक्ष होऊनही, आजही लागू आहे.